जव : पैगंबरी आहार आणि डब्यातील हिरवी भुकटी



गेल्या काही वर्षांत अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आपल्या अनेक घरांत एक हिरव्या भुकटीचा डबा येऊन बसला आहे. जवाची कोवळी पाती सुकवून, दळून ती तयार होते. सकाळी फिरायला जाणारे गव्हांकुराचा रस पितात, त्याच जातीचा हा प्रकार. त्यात आक्षेपार्ह काहीच नाही. परंतु विक्रेता जेव्हा ‘ही तर सुन्नत आहे, आता साखरेच्या गोळ्या बंद करा’ असे सांगतो, तेव्हा प्रश्न केवळ आहाराचा राहत नाही. तो अमानतीचा आणि जिवाचा होतो. आमच्या मशिदीतील एका वयस्क नमाजींनी अशाच सल्ल्यावरून मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या आणि काही आठवड्यांतच साखर इतकी वाढली की त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अल्लाहच्या कृपेने ते सुखरूप परतले. प्रस्तुत लेख त्या प्रसंगातून सुचला आहे.

हदीसमध्ये जव

आदरणीय प्रेषित (स.) यांच्या घरचे रोजचे धान्य जव हेच होते आणि तेही पोटभर नसे. सलग दोन दिवस जवाच्या भाकरीने त्यांच्या कुटुंबीयांचे पोट भरले नाही, अशी साक्ष ह. आएशा (रजि.) देतात. प्रेषितांचे (स.) निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत 30 साअ जवाच्या बदल्यात गहाण होते. ह. सहल बिन साद (रजि.) सांगतात की त्या काळी चाळणी वापरली जात नसे, जव दळून त्यावर फुंकर घालीत, कोंडा उडेल तेवढा उडे आणि उरलेले पीठ भिजवीत. म्हणजे ते अन्न कोंड्यासकट पोटात जाई.

दुसरा उल्लेख तलबीनाचा. जवाच्या पिठाची ही पातळ, दुधासारखी पांढरी पेज. ‘लबन’ म्हणजे दूध, त्यावरून हे नाव पडले. घरात मृत्यू झाला, जमलेल्या स्त्रिया परतल्या आणि घरचीच माणसे उरली, की ह. आएशा (रजि.) तलबीनाचे भांडे चुलीवर ठेवायला सांगत. आजाऱ्याच्या मनाला तिने विसावा मिळतो आणि दुःखाचा भार काहीसा हलका होतो, असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. ‘काहीसा’ हा शब्द ध्यानात ठेवा. प्रेषितवाणीत अतिशयोक्ती नाही; ती जाहिरातीत असते.

तिसरा प्रसंग पथ्याचा. ह. अली (रजि.) नुकतेच आजारातून उठले होते. प्रेषितांनी (स.) त्यांना खजूर खाण्यापासून थांबविले आणि चुकंदराची पालेभाजी व जव शिजवून समोर आले, तेव्हा हे तुम्हाला अधिक मानवेल असे सांगितले. खजुरासारखे उत्तम फळही प्रत्येकाला प्रत्येक वेळी योग्य नसते, हा त्यातील धडा आहे.

दाणा आणि पात यांतील भेद

या सर्व हदीस जवाच्या दाण्याविषयी आहेत, पातीविषयी नाहीत. म्हणून भुकटीच्या डब्याला ‘सुन्नत’ म्हणणे म्हणजे प्रेषितांनी (स.) जे सांगितले नाही ते त्यांच्या नावावर खपविणे होय. ही किती गंभीर गोष्ट आहे, हे आपण जाणताच.

आहारशास्त्रही हा भेद करते. दाण्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. पोटात त्याचा बुळबुळीत लगदा होतो, त्यामुळे जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरते. रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेल्यास कोलेस्टेरॉल कमी होण्यास मदत होते. सुमारे 65 ते 75 ग्रॅम अख्ख्या जवाच्या पिठातून ते मिळू शकते. कोवळ्या पातीत बीटा-कॅरोटीन, क आणि के जीवनसत्त्व, पोटॅशियम व हरितद्रव्य असते. पण आपण घेतो चमचाभर, म्हणजे जेमतेम 3 ग्रॅम. मेथी, पालक, माठाची एक जुडी बाजारात कितीतरी स्वस्त मिळते आणि ताटात तिचे प्रमाणही अधिक असते. ज्यांना परवडते त्यांनी भुकटी अवश्य घ्यावी. गरिबाने कर्ज काढून घ्यावी असे तिच्यात काही नाही.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल, तर के जीवनसत्त्व तिचा परिणाम घटविते. मूत्रपिंड दुर्बल असेल, तर पोटॅशियम अपायकारक ठरते. ज्यांना ग्लुटेन सोसत नाही त्यांना जवाचा दाणाही वर्ज्य आहे.

विकणाऱ्याची जबाबदारी

धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघड करणारे आणि फसविणारा आमच्यातला नाही असे बजावणारे आपले प्रेषित (स.) आहेत. वैद्यक न जाणता उपचार करणारा होणाऱ्या हानीला जबाबदार आहे, हीदेखील त्यांचीच शिकवण. ह. साद (रजि.) आजारी पडले तेव्हा त्यांनी हारिस बिन कलदा या जाणकार वैद्याकडे जाण्यास सांगितले. देशाचा कायदाही हेच सांगतो : मधुमेह बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहे आणि पूरक आहाराच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. डबा घेताना ती ओळ वाचा. घरबसल्या असा माल विकणाऱ्या आपल्या भगिनींनी गिऱ्हाइकालाही ती वाचून दाखवावी. त्याने विक्री थोडी घटेल, पण कमाई निर्मळ राहील.

घरी काय करावे?

दोन चमचे जवाचे पीठ पेलाभर पाण्यात किंवा दुधात कालवा, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे ढवळत शिजवा. चवीला मध घाला; मधुमेह असल्यास मध टाळा. गव्हाच्या पिठात चौथा हिस्सा जवाचे पीठ मिसळून चपात्या करा. शेजारी मयत झाली, तर तलबीनाचे पातेले त्या घरी पोहोचवा. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय सोडू नका. इलाज करणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, इलाज करा, असा प्रेषितांचाच (स.) आदेश आहे.

अल्लाह आपल्या अन्नात बरकत, आजाऱ्यांना शिफा आणि आपल्या जिभेला सचोटी देवो. आमीन.