गणिताचा तास : दहा चालींत किती ठिकाणे?

चौकटींच्या वहीत रेषा जुळतात अशा एका बिंदूवर बोट ठेवा. चाली चारच : उजवीकडे, डावीकडे, वर, खाली. मूळ बिंदू धरून एका चालीपर्यंत ५ ठिकाणे, दोनपर्यंत १३, दहापर्यंत २२१. ‘न’ चालींसाठी सूत्र २न(न+१)+१. आधी उजवीकडे मग वर गेलो काय किंवा उलट, एकाच ठिकाणी पोहोचतो. म्हणून संख्या आटोक्यात राहते.

आता नियम बदलू. क्रम बदलला की ठिकाण बदलते. आलेल्या वाटेने परतलो तरच जुने ठिकाण मिळते. फांद्यांना फांद्या फुटाव्यात तशा वाटा फुटतात. दोन चालींपर्यंत १७, दहापर्यंत तब्बल १,१८,०९७!

बीजगणितात अशा चालींच्या रचनेला ‘गट’ म्हणतात. पहिल्याची वाढ वर्गाच्या वेगाने होते, दुसऱ्याची दर चालीला सुमारे तिप्पट. मोजक्या चालींचा, पण कोणत्याही ठरावीक घातापेक्षा जलद आणि अशा पटीच्या वाढीपेक्षा मंद वाढणारा गट असतो का, असे १९६८ मध्ये जॉन मिल्नर यांनी विचारले. १९८३ मध्ये सोव्हिएत गणिती रोस्तिस्लाव ग्रिगोर्चुक यांनी तसा गट दाखवून दिला.

स्वाध्याय : तीन चालींपर्यंत दोन्हीकडे किती ठिकाणे? चित्र काढून मोजा. (उत्तर : २५ आणि ५३)