आरतीला उभं राहायचं की नाही?

गौरी-गणपती जवळ आले की पोटात गोळा येतो ना तुझ्या? लग्नानंतरचं पहिलंच वर्ष, सासरी पाच दिवसांचा गणपती, आणि तुझा तर देवावर विश्वास नाही. सासूबाईंना दुखवायचं नाहीये, खोटं वागणंही जमत नाही. बस इथे जरा. यातून वाट निघते गं, मी त्याच वाटेने आलेय.

खरं सांगू का, देव आहे की नाही यावर घरात फारसं कुणी भांडत नाही. चार बायकांनी ‘सूनबाई कुठेयत?’ असं विचारलं तर काय सांगायचं, ही सासूबाईंची खरी काळजी असते. म्हणून तू दिसायला हवीस. आरतीच्या वेळी खोलीत जाऊन मोबाइल बघत बसू नकोस. बाहेर उभी राहा, निरांजनात तूप घाल, प्रसाद वाट. टाळी वाजवायची की नाही, हात जोडायचे की नाही, ते तुझं तू ठरव. तिथे कुणी मोजत नसतं, बघ.

आणि एखादं काम कायमचं अंगावर घे. माझ्या मोदकांना कळ्या म्हणून पडत नाहीत, वाफवून निघाले की लाडू दिसतात. त्यामुळे मला स्वयंपाकघरातून मानाने हाकललं. मग मी निर्माल्य धरलं. फुलं-दूर्वा वेगळ्या, कापराची वेष्टणं वेगळी, आणि हारातला दोरा आठवणीने ओढून काढायचा, नाहीतर खतात तो तसाच राहतो. अशा कामाला देव मानावाच लागतो असं नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने विसर्जित मूर्ती दान करण्याची मोहीम चालवली, ती नदीच्या काळजीपोटी. त्या काळजीत देव मानणारेही सामील होतात.

आता नकाराचं. सत्यनारायणाला जोडीने बसायचं नसेल तर ते आदल्या रात्री सांगू नकोस बाई! महिनाभर आधी, मेथी निवडताना वगैरे, सहज सांग: “आई, पूजेला मी बसणार नाही, पण पाहुण्यांच्या पंगतीचं सगळं मी बघते.” एवढंच. पुढे व्याख्यान नको. आणि तुझा नवराही देव मानत नसेल, तर त्याचं त्याने आईला सांगावं. मुलगा नास्तिक निघाला तर ‘वाचतो फार’ म्हणतात, सून निघाली तर माहेरचं वळण काढतात. ते ओझं तू एकटीने का उचलायचंस?

पण सगळीकडे मान तुकवायची नाही हं. कुठे अडून बसायचं, ते आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याकडे पाहून ठरव. २०१३ च्या त्या कायद्याने वारी, प्रदक्षिणा, भजन-कीर्तन, घरची पूजा यांना हात लावलेला नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचार घेऊ न देता गंडेदोरे करणं मात्र गुन्हा ठरवलंय. घरातही तसंच कर. घरातल्या लेकराला दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या तर ओवाळू देत. ताप उतरत नसताना अंगाऱ्यावर भागवायचं म्हणतील, तेव्हा वाद न घालता लेकराला उचल आणि डॉक्टर गाठ.

हळदीकुंकवाला विधवा काकूंना आतल्या खोलीत बसवत असतील, तिथेही बोल. त्या वेळी देवाचा विषय काढूच नकोस, काकूंबद्दल बोल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ साली कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. ते गाव काही नास्तिकांचं नव्हे. माणसाचा अपमान होतोय हे दाखवलंस, तर देवघरात रोज दिवा लावणारी बाईसुद्धा तुझ्या बाजूने उभी राहते.

आणि सासूबाईंनी तुझ्या परीक्षेसाठी नवस बोललाच, तर हसू नकोस. अभ्यास तुझा, काळजी त्यांची. पेढे दोघींनी खावेत.

जमेल गं तुला. एखादा शब्द कमी-जास्त जाईल, एखादी सणाची संध्याकाळ फुगून जाईल, त्याने नातं तुटत नाही. आत्ता पहिलं काम काय, तर सासूबाईंना फोन लाव आणि विचार, “आई, यंदा नारळ किती आणायचे?”