परतीची मुदत संपण्याआधी नवा लॅपटॉप कसा तपासावा

मुलीला किंवा मुलाला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा म्हणजे बऱ्याच घरांत चाळीस-पन्नास हजारांचा खर्च, तोही पुष्कळदा हप्त्यांवर. एवढे पैसे मोजून आणलेलं यंत्र दोन-तीन महिन्यांत रखडायला लागतं, झाकण उघडताना कोपऱ्यातून फट दिसते. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, ‘हे नॉर्मल आहे’, आणि विक्रेता म्हणतो, परतीची मुदत केव्हाच संपली. हप्ते मात्र चालूच राहतात. हे टाळायचं तर सगळी तपासणी पहिल्या काही दिवसांतच उरकायला हवी आणि प्रत्येक गोष्टीचा पुरावा हाताशी हवा.

लागणारं सामान: बिल, कॅमेऱ्याचा फोन, एक पेन ड्राइव्ह, इयरफोन, सपाट टणक टेबल आणि बऱ्यापैकी वेगाचं वायफाय.

१. ऑर्डर देण्याआधी परतीची अट वाचा आणि तिचा स्क्रीनशॉट काढा. काही ठिकाणी मुदत फक्त सात दिवसांची असते, काही ठिकाणी पैसे परत मिळत नाहीत, नुसती बदली मिळते. विंडोज एकदा सुरू केलं की परत घेणार नाही, अशीही अट असू शकते.

प्रोसेसरचं नावही याच वेळी नीट वाचायचं. ‘रायझन ५’ एवढं वाचून थांबू नका, पुढचा आकडा बघा. रायझन ५ ७५२०यू मधल्या ७ वरून हा २०२३ च्या मालिकेतला आहे एवढंच कळतं. खरी मेख तिसऱ्या अंकात आहे. तिथे २ असेल तर आतली रचना झेन २, म्हणजे २०१९ साली आलेली. तिथे ३ असेल (७५३०यू) तर झेन ३. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरांत ‘रायझन ५’ च लिहिलेलं असतं, पण पहिल्यात चार कोअर आणि दुसऱ्यात सहा. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. असा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा घेतला तर चार वर्षांची इंजिनिअरिंग तेवढ्यावरच काढायची, हे ठरवूनच घ्या.

२. खोका आला की सील तोडण्याआधी फोनवर व्हिडिओ सुरू करा आणि यंत्र बाहेर येईपर्यंत मध्ये थांबवू नका. खोक्यावरचा, लॅपटॉपच्या बुडाशी असलेला आणि बिलावरचा सिरीयल नंबर तिन्ही जुळले पाहिजेत. तोच नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाका. वॉरंटी तुमच्या खरेदीच्या तारखेआधीच सुरू झालेली दिसली तर बिल पाठवून ती दुरुस्त करून घ्या.

३. चालू करण्याआधी बांधणी तपासा. इथे घाई करू नका, कारण स्वस्त लॅपटॉप सगळ्यात जास्त बिजागरीतच दगा देतात. बिजागरी धातूची असते, पण तिचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या पितळी नटांत जातात. बिजागरी फार कडक असेल तर प्रत्येक उघडझापीला ते नट प्लास्टिकमधून थोडेथोडे उपटले जातात आणि एक दिवस कोपरा तडकतो. त्याला ‘ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान’ म्हणून वॉरंटी नाकारली जाते, ही मला यातली सर्वांत अन्यायाची गोष्ट वाटते.

म्हणून यंत्र टेबलावर ठेवा, डोळे टेबलाच्या पातळीला आणा आणि झाकण मधोमध धरून अगदी सावकाश उघडा. बिजागरीपाशी खालचा आणि वरचा भाग एकमेकांपासून सुटतोय का बघा. दोन्ही बाजूंची फट सारखी हवी. कटकट असा आवाज आला किंवा झाकण एका बाजूने मागे राहिलं, तर तेवढंच पुन्हा करून व्हिडिओ घ्या. मग कीबोर्डच्या मधोमध बोटाने दाबा: थोडं लवचिक असणं चालेल, पण टचपॅड आपोआप क्लिक व्हायला नको. लॅपटॉप एका कोपऱ्याने उचलून बघा, काही करकरलं तर तेही टिपून ठेवा.

४. आता चालू करा, अपडेट होऊ द्या आणि एक दिवस थांबा. पहिल्या दिवशी विंडोज मागे अपडेट उतरवत असतं, फायलींची सूची बनवत असतं, त्यामुळे चांगलं यंत्रही मंद वाटतं. त्या दिवसावरून निवाडा करू नये. चाचणीपुरते आलेले अँटिव्हायरस आणि नको ते गेम सेटिंग्जमधून काढून टाका. विंडोजमधलं डिफेंडर बहुतेकांना पुरतं.

५. दुसऱ्या दिवशी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’ मध्ये जा. मेमरीखाली ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं असेल तर रॅम पक्की बसवलेली आहे. दोनपैकी एकच खाच भरलेली दिसली तर नाराज होऊ नका, दुसरी पट्टी घातल्यावर ग्राफिक्सचा वेग चांगलाच वाढतो. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये साधारण ४७६ जीबी दिसते. ती फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून डिस्क किती तास चाललीय ते मात्र बघा. शेकडो तास दिसले तर वापरून परत आलेला माल तुमच्या गळ्यात मारलाय.

६. वेगाची खरी परीक्षा दमावर होते. चार्जर लावा, पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ वर ठेवा, लॅपटॉप टेबलावर असू द्या, गादीवर नको. सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची मल्टिकोअर चाचणी चालवा (याची २०२४ ची आवृत्ती १६ जीबी रॅम मागते). शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवा. तिथे प्रोसेसरचा चालू वेग आणि ‘बेस स्पीड’ दोन्ही दिसतात. सुरुवातीला वेग उसळतो आणि मग खाली येतो, तेवढं ठीक आहे. पण तो बेस स्पीडच्याही खाली जाऊन तिथेच राहिला तर उष्णता बाहेर काढण्यात खोट आहे. नुसत्या तापमानाच्या आकड्याला घाबरू नका. इंटेलचे अनेक लॅपटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या मर्यादेसाठी बनवलेले असतात. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ही चाचणी भर दुपारी न करता रात्री करा, म्हणजे ‘खोलीच गरम होती’ हे उत्तर ऐकावं लागणार नाही.

७. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत ‘पॉवर’ आणि त्याला जोडूनच सी, एफ, जी ही अक्षरं टाइप करा, एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ एकसंध लिहा. तयार झालेल्या अहवालात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. नव्या यंत्रात ते जवळपास सारखे हवेत.

८. पडद्यावर पूर्ण पांढरं, मग पूर्ण काळं चित्र लावून ठिपके बघा. प्रत्येक यूएसबीत पेन ड्राइव्ह घाला, इयरफोनवर आवाज ऐका, कॅमेरा उघडा. फिके रंग मात्र तक्रारीत टिकत नाहीत. ४५ टक्के एनटीएससीचा पडदा तसाच असतो आणि माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं.

९. खोट सापडली तर फोनवर बोलून थांबू नका, लेखी तक्रार करा. ‘लॅपटॉप स्लो आहे’ असं लिहिलं की फॉरमॅट करून परत देतात. असं लिहा: ‘चार्जर लावून, सिनेबेंच आर२३ च्या चाचणीत प्रोसेसरचा वेग बेस स्पीडच्या खाली गेला आणि शेवटपर्यंत खालीच राहिला. स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत. मुदतीत बदली द्यावी.’ तक्रार क्रमांक घ्या. सर्व्हिस सेंटरमध्ये जॉबशीटवर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या, ‘जनरल चेकअप’ लिहिलं असेल तर सही करू नका.

ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करावं, असं ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात. तसं झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यानंतरचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

बदली मिळाली तर तिचा सिरीयल नंबर वेगळा असतो. तो बदलीच्या कागदावर आल्याशिवाय जुना लॅपटॉप हातचा सोडू नका. नवा आला की पुन्हा दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करा.