तोतलाडोहाच्या काठी

पांढुर्णा व सौंसर या आपल्या तालुक्यांतून वाहणारी जाम नदी कन्हानेस मिळते. छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावणारी पेंच नदीही कामठीजवळ त्याच कन्हानेत येते. म्हणून पेंचेवरील तोतलाडोह हा जलाशय आपल्यास परका नव्हे. मध्य प्रदेश व महाराष्ट्र यांच्या सीमेवरील या धरणाच्या पाण्यावर १६० मेगावॉट क्षमतेचे विद्युतगृह चालते, आणि खाली नागपूर शहर याच नदीचे पाणी पिते.

सुटीत अशा जलाशयाच्या काठी तंबू ठोकावा, शेकोटी पेटवावी, असे कोणास वाटणार नाही? परंतु येथे तसे करता येत नाही. जलाशयाभोवतीचे महाराष्ट्रातील वन १९७५ मध्ये व मध्य प्रदेशातील वन १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. उन्हाळ्यात ओढेनाले आटले म्हणजे चितळ, गवे व त्यांच्यामागून वाघ याच पाण्याकडे येतात. रात्री काठावर माणूस बसला, तर तहानलेले जनावर मागे फिरते.

म्हणून मुक्कामाची व्यवस्था गाभा क्षेत्राबाहेर केलेली आहे. नागपूर-जबलपूर मार्गावरून आत गेल्यावर सिल्लारी येथे वनविभागाचे निवासस्थान व माहिती केंद्र आहे. वनात प्रवेश करावयाचा तो ठरलेल्या वेळी, परवाना घेऊन व मार्गदर्शकासह. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते.

हे नियम कोणास जाचक वाटतील. त्यांनी पुढील हकीकत लक्षात ठेवावी. उद्यान होण्यापूर्वी या वनात आदिवासींची वस्ती होती. गावे उठली, तरी पोट राहिले. मध्य प्रदेश शासनाने अशा ३०५ जणांस तोतलाडोहात मासेमारीचे परवाने दिले. त्यास हरकत घेणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९७ च्या निकालात न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. वनाचे रक्षण व्हावे आणि या लोकांची उपजीविकाही चालावी, असा मार्ग काढला. मात्र अटी कडक घातल्या. काठावर स्वयंपाकासाठीसुद्धा विस्तव पेटवावयाचा नाही, कचरा टाकावयाचा नाही, आणि वनाच्या इतर भागांत फिरावयाचे नाही.

ज्यांचे घरच तेथे होते, त्यांस चूल पेटविण्याची मनाई झाली. मग दोन दिवसांच्या पाहुण्याने शेकोटीचा हट्ट कोणत्या तोंडाने धरावा?

आता काळोखाविषयी थोडेसे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे अंधाऱ्या आकाशाचे उद्यान, अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, वाघोली, पिपरिया व खापा या गावांतील रस्त्यांवरचे दिवे बदलून त्यांचा प्रकाश खाली जमिनीकडे वळविण्यात आला. गावकरी रोज इतके करीत असता आपण विजेरीचा झोत झाडांवर फिरवीत बसावे, हे शोभत नाही.

तेव्हा सहलीस निघताना पिशवीत एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी घ्यावी. खाऊ घरूनच बांधून न्यावा. रात्री दिवे मालवून मुक्कामाच्या अंगणात बसावे व आकाश न्याहाळावे. शेकोटीच्या उजेडात जे तारे दिसले नसते, ते त्या काळोखात आपोआप दिसू लागतील.