हृदयाच्या झडपेचा विकार : वाढती लक्षणे वेळीच ओळखा

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ देणे व मागे फिरू न देणे, हे त्यांचे कार्य होय. झडप अरुंद झाली किंवा गळू लागली, की हृदयावरील भार वाढतो व फुफ्फुसांत रक्त तुंबू लागते. या विकाराचे मूळ आपल्याकडे पुष्कळदा बालपणीच्या घसादुखीत असते. साधारणतः 5 ते 15 वर्षे वयात जंतुजन्य घसादुखीवर पुरेसे उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो व सांधे सुजतात. सांधे बरे होतात. झडपेवरील व्रण मात्र राहून जातो.

हा विकार सावकाश वाढतो आणि रुग्ण नकळत आपले श्रम कमी करीत जातो. ज्योतिबाच्या पायऱ्या एका दमात चढणारा मनुष्य पुढे दोनदा बसतो, नंतर डोंगरावर जाणेच सोडतो आणि विचारल्यास ‘काही त्रास नाही’ असे सांगतो. म्हणून ‘त्रास होतो का?’ यापेक्षा ‘गेल्या सहा महिन्यांत कोणते काम सोडले?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

पुढील बदल दिसल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये : थोड्या श्रमाने दम लागणे, उताणे झोपल्यास गुदमरणे, उशांची संख्या वाढवावी लागणे, रात्री धाप लागून जाग येणे, पायावर बोट दाबल्यास खळगा राहणे, आठवड्यात दोन किलोहून अधिक वजन वाढणे, छातीत अनियमित धडधड होणे. झडपेच्या रुग्णाचा ताप अनेक दिवस न उतरल्यास तोही दुर्लक्षू नये. झडपेला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो.

श्रम करताना मूर्च्छा किंवा छातीत दुखणे, बसूनही न थांबणारी धाप, गुलाबी फेसाळ थुंकी, अथवा एकाएकी तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळे पडणे ही तातडीची लक्षणे होत. अशा वेळी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

गरोदरपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण वाढते. त्यामुळे तोवर लपून राहिलेला विकार याच काळात उघड होऊ शकतो. गर्भवतीची धाप ‘नेहमीचीच’ म्हणून सोडून देऊ नये.

निदानासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात जाता येते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची तपासणी होते. खेळात मागे पडणाऱ्या, लवकर दमणाऱ्या मुलाचे नाव शिक्षकांनी तपासणी पथकाला आवर्जून सांगावे. ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेलेल्या मुलाचे दर तीन ते चार आठवड्यांचे पेनिसिलीनचे इंजेक्शन डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद होऊ देऊ नये. झडप बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समावेश आहे. पंचायत सदस्यांनी गरजू कुटुंबाला त्यासाठीची कागदपत्रे जुळविण्यास साहाय्य करावे. योग्य वेळी दुरुस्त केलेली झडप रुग्णाला पुन्हा कामावर उभे करू शकते; उशीर झाल्यास हृदयाचा स्नायूच थकतो व शस्त्रक्रियेचाही लाभ घटतो.