वर्गात परतलेली वनस्पती

हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज हे मॉरिशसच्या अखत्यारीतील लहानसे बेट. ‘कॅफे मारों’ हे कॉफीच्या कुळातील, पांढऱ्या फुलांचे झुडूप मूळचे केवळ याच बेटावरील. जंगलतोड व मोकाट शेळ्यांची चराई यांमुळे ते नामशेष झाले, असे मानले जात होते. १९८० च्या सुमारास तेथील एका शिक्षकाने वर्गात दुर्मिळ स्थानिक वनस्पतींची ओळख करून दिली. त्यावरून एका विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील झुडपाची फांदी आणून दाखविली. तज्ज्ञांनी तपासली असता ती कॅफे मारोंचीच ठरली.

परंतु शोध लागला म्हणजे रक्षण झाले, असे नव्हे. औषधी म्हणून लोक त्या एकमेव झुडपाच्या फांद्या तोडू लागले. त्याला कुंपण घालावे लागले. १९८६ मध्ये काही छाटकलमे लंडनच्या क्यू उद्यानात नेण्यात आली. त्यांतील एक रुजले. फुले येत, पण बी धरत नसे. अखेर २००३ मध्ये उद्यानातील कार्लोस मॅग्दालेना यांच्या प्रयत्नांना यश आले. पुढे हे बियाणे रॉड्रिग्जला परत पाठविण्यात आले.

शोधाचे श्रेय विद्यार्थ्याला व शिक्षकाला जाते. सापडलेले झाड टिकविणे मात्र भोवतालच्या वस्तीच्या व स्थानिक प्रशासनाच्या हाती असते.