दारातल्या किल्लीला तारेचा आकडा: खर्च किती, उपयोग किती

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीकडे आता नवं घर बांधलं की दर्शनी दाराला कडी-कोयंड्याच्या जोडीला, कधी त्याच्या जागीच, हँडलचं मॉर्टिस कुलूप बसतं. रात्री ते आतून किल्लीनं लावायचं आणि किल्ली भोकातच ठेवून झोपायचं, अशी बहुतेकांची सवय. ती चांगली आहे, मोडू नका. पावसाळ्यात वीज गेलेली असताना कुणाला अपरात्री बाहेर पडावं लागलं, तर काळोखात किल्ली शोधत बसावं लागत नाही. पण काही जातीच्या कुलपांत भोकात मोकळी सोडलेली किल्ली बाहेरून ढकलता येते, कधी फिरवताही येते. त्यावर जुना, साधा उपाय म्हणजे हँडलला अडकवून किल्लीत घातलेला तारेचा आकडा. खर्च फार तर पन्नास रुपये. दुकानदार हे सुचवणार नाही, तो नवं कुलूप दाखवील. म्हणून हा सगळा हिशेब.

आधी आपलं कुलूप कोणतं ते ओळखा. मॉर्टिस कुलपं दोन प्रकारची मिळतात. पहिल्यात, म्हणजे लिव्हरच्या कुलपात, किल्ली गोल दांड्याची असते, टोकाला दाते कापलेली पट्टी असते आणि भोक दारातून आरपार गेलेलं असतं. किल्ली काढून भोकाला डोळा लावला की पलीकडचा उजेड दिसतो. दुसऱ्यात सिलिंडर असतो आणि किल्ली चपटी असते. या सिलिंडरची आतली आणि बाहेरची भोकं आरपार जोडलेली नसतात, त्यामुळे आतली किल्ली बाहेरून ढकलता येत नाही.

आकड्याची खरी गरज पहिल्या प्रकाराला आहे. तिथे आतल्या किल्लीचं टोक बाहेरच्या भोकापर्यंत पोचलेलं असतं. जुन्या घरांना याची भीती कमी होती, कारण दाराला उंच उंबरठा असायचा आणि आतून अडसर. किल्ली ढकलून खाली पाडली तरी उंबऱ्यामुळे दाराखालून ती बाहेर ओढायला फट मिळत नसे. आता फरशी सरळ बाहेरपर्यंत नेतात, उंबरठ्याच्या जागी ग्रॅनाइटची पट्टी येते आणि दाराखाली बोटभर फट राहते. त्या फटीचा विचार घर बांधताना कुणी करत नाही.

सिलिंडरच्या कुलपालाही आकडा लागतो, पण एकाच परिस्थितीत: दाराशेजारी हात आत जाईल अशी खिडकी, काच किंवा विरळ गजांची जाळी असेल तर. काच फोडून हात घातला की आतली किल्ली फिरवायला वेळ लागत नाही. आकडा तिथे चोराला थोडा वेळ थोपवतो, कायमचा अडवत नाही. अशा ठिकाणी खिडकीची जाळी बारीक करून घेणं हाच पक्का उपाय.

आता आकडा कसा करायचा. सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे सायकलच्या चाकाची तार, आपण जिला स्पोक म्हणतो ती. जाडी सुमारे दोन मिलिमीटर, लांबी साधारण वीतभरापेक्षा थोडी जास्त, आणि ती चांगली ताठ असते. सायकल दुरुस्तीच्या दुकानात पाच-दहा रुपयांना मिळते, जुनी असेल तर फुकटही. हार्डवेअरच्या दुकानातली दोन मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची तार घेतली तर वीस ते पन्नास रुपयांत तीन-चार आकडे होतात. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंगची तार मात्र नको. ती मऊ असते, हातानं वाकते, आणि कणकुंबीच्या पावसात एका मोसमात गंजून दारावर तांबडे ओघळ सोडते.

तार मधोमध दुमडा, म्हणजे केसाच्या आकड्यासारखा लांबट यू तयार होतो. दुमडलेला भाग हँडलच्या मानेवर, म्हणजे हँडल आणि पट्टी यांच्यामधल्या आखूड दांड्यावर, वरून सहज बसला पाहिजे. दोन्ही पाय खाली सोडायचे, एक किल्लीच्या चपट्या डोक्याच्या डावीकडून, दुसरा उजवीकडून. किल्लीच्या उंचीवर हे पाय पकडीनं एकमेकांजवळ आणा. मग एका पायाचं टोक आडवं वाकवून किल्लीच्या भोकातून ओवा. उरलेली तार कापा आणि टोक कानशीनं घासून बोथट करा, नाहीतर लहान मुलांच्या हाताला लागेल. किल्ली फिरू लागली की तिचं डोकं दोन्ही पायांवर आदळून थांबतं. ढकलली तर आडवं टोक तिला धरून ठेवतं, कारण वरचं टोक हँडलच्या मानेत अडकलेलं असतं.

झाल्यावर तपासा. दार उघडं ठेवून कुलूप लावा, आकडा घाला, आणि दुसऱ्या माणसाला बाहेरच्या बाजूनं जाड खिळ्यानं किंवा बोथट तारेनं किल्ली ढकलायला सांगा. किल्ली थोडी सरकली तर चालेल, निखळता कामा नये. आतून बोटानं फिरवून बघा, पाव फेऱ्याच्या आत अडली पाहिजे. जास्त फिरत असेल तर पाय आणखी जवळ आणा. हँडल दाबताना आकडा आड येत नाही ना, तेही पाहा. भोकात एकच किल्ली असू द्या. अख्खा जुडगा लटकवला की त्याच्या वजनानं कुलपाचं भोक हळूहळू सैल होतं आणि आकडाही नीट बसत नाही.

सर्वांत महत्त्वाची तपासणी पुढची आहे. घरातले दिवे बंद करा आणि घरातल्या प्रत्येकाला, आजी-आजोबांना धरून, एका हातानं आकडा उचलून दार उघडायला लावा. ज्याला ते जमणार नाही त्याच्यासाठी तो आकडा धोकाच आहे. स्वयंपाकघरात गॅस आहे, कित्येक घरांत पाणी तापवायला अजून चूल पेटते. आग लागली तर दारापाशी चाचपडायला सवड नसते. भारताची २०१६ची राष्ट्रीय इमारत संहिता बाहेर पडण्याच्या दारांबद्दल सांगते की ती आतून किल्लीशिवाय उघडता आली पाहिजेत. ब्रिटनमध्येही याच कारणासाठी बीएस ८६२१ हे वेगळं मानक आहे: बाहेरून किल्ली, आतून किल्लीशिवाय. खेड्यातल्या घराला कुणी ही संहिता घेऊन तपासायला येणार नाही, पण तिच्यामागचं कारण कणकुंबीतही तेवढंच खरं आहे.

दुसरी अडचण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची. मुलं कामाला गोव्यात, बेळगावात, पुण्यात. घरी आई एकटी. तिनं आतून कुलूप लावून किल्ली भोकात ठेवली आणि ती न्हाणीघरात पडली, तर शेजाऱ्याकडे ठेवलेली जादा किल्ली कामाची नाही. आतली किल्ली भोकात असेपर्यंत साध्या कुलपात बाहेरची आत जात नाही, आणि आकडा असेल तर ती ढकलूनही पडत नाही. अशा घरात आकडा लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निदान परसदार तरी बाहेरून उघडता येईल असं ठेवा आणि त्याची किल्ली भरवशाच्या शेजारणीकडे द्या.

या घरांसाठी पैसे खर्च करायचे तर ते नॉबच्या सिलिंडरवर करा. दुकानात ‘वन साइड की, वन साइड नॉब’ असं म्हटलं की कळतं. बाहेरून किल्ली, आतून फिरवायची खुंटी. आत किल्लीच नाही, म्हणून ती ढकलण्याचा, हरवण्याचा, शोधण्याचा प्रश्न मिटतो, आणि बहुतेक नॉब सिलिंडरांत बाहेरून किल्लीनं दार उघडताही येतं. घेताना हे दुकानात उघडून दाखवायला सांगा. दार आधीच सिलिंडरच्या कुलपाचं असेल तर अख्खं कुलूप बदलायची गरज नसते. दाराच्या जाडीच्या कडेला सिलिंडरच्या उंचीवर एक स्क्रू असतो, तो काढला आणि किल्ली किंचित फिरवली की सिलिंडर ओढून बाहेर येतो. जुना सिलिंडर बरोबर घेऊन जा, कारण साठ, सत्तर, ऐंशी मिलिमीटर अशा वेगवेगळ्या लांबीचे मिळतात. साध्या मालाला पाचशे ते हजार, नामवंत कंपनीच्या मालाला हजार ते दोन हजार रुपये धरा. हे आणि पुढचे सगळे भाव अंदाजाचे आहेत, दुकानागणिक फरक पडतो. काचेशेजारी नॉब मात्र नको, हात घालून तो किल्लीपेक्षाही सोपा फिरतो.

लिव्हरचं जुनं कुलूप असेल तर सिलिंडर बसत नाही, पूर्ण संच बदलावा लागतो. हँडलसकट साधा संच बाराशे ते अडीच हजार, चांगला साडेतीन-चार हजारांपर्यंत. त्यावर सुताराची मजुरी: जुनी खाच नव्या कुलपाला जुळली तर अर्ध्या दिवसाचे चार-पाचशे, न जुळली तर पूर्ण दिवसाचे आठशे ते हजार. म्हणजे एका दाराला तीन-साडेतीन हजार सहज जातात. तेवढे आज हाताशी नसतील तर आतून एक भक्कम टॉवर बोल्ट लावा. सहा इंची लोखंडी बोल्ट शंभर-दीडशेत, पितळी किंवा स्टेनलेस तीन-चारशेत मिळतो. बोल्ट आणि आकडा या जोडीनं रात्रीचं काम भागतं आणि दोन्ही मिळून खर्च पाचशेच्या वर जात नाही.

आता पावसाबद्दल, कारण इथे कुलपं चोरांपेक्षा पावसानं जास्त बिघडतात. मलप्रभा नदीचा उगम कणकुंबीतच, घाटाच्या माथ्यावर सुमारे ७९२ मीटर उंचीवर आहे, आणि जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा लाकडात मुरत राहतो. दार फुगतं, कुलपाची जीभ चौकटीतल्या खाचेत नीट बसत नाही, मग आपण किल्ली जोर लावून फिरवतो आणि एक दिवस ती आतच तुटते. तुटलेली किल्ली काढायला बेळगावहून कारागीर बोलवायचा तर त्याच्या कामापेक्षा येण्या-जाण्याचे पैसे जास्त होतात. जुलैत सुतार दार रंधायला निघाला तर थांबवा. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की तिथे फट पडेल. तोवर चौकटीतल्या पट्टीची खाच कानशीनं थोडी मोठी करून घेतली तरी भागतं. दार रंधायचं ते दिवाळीनंतर, आणि वरची-खालची कडाही रंगवून घ्या. ओलावा तिथूनच शिरतो.

कुलपात खोबरेल तेल घालू नका. थंडीत ते गोठतं आणि एरवी धूळ धरून ठेवतं. शिसपेन्सिलीचं शिसं बारीक करून किल्लीला चोळा आणि किल्ली आत-बाहेर करा. दुकानातली ग्रॅफाइटची पूड शंभर-दोनशेत मिळते. काम दोन्हींचं सारखंच.

घर महिनोन्महिने बंद राहणार असेल तर आकड्याचा काहीच उपयोग नाही, कारण तेव्हा किल्ली आत नसतेच. तिथे पैसे बाहेरच्या अल्ड्रॉपवर, म्हणजे कुलूप अडकवायच्या मोठ्या कडीवर, आणि त्याच्या स्क्रूंवर घालवा. पाचशे-सातशेचं भारी कुलूप आणि त्याला धरणारा कोयंडा अर्ध्या इंची स्क्रूंवर, अशी दारं सर्रास दिसतात. आरपार नटबोल्ट लावायला सुतार शंभर-दोनशे जादा घेईल, ते द्या.

खरेदीला खानापूर किंवा बेळगाव गाठावं लागतं. घाट उतरून गोव्यातल्या साखळीला जाणारेही आहेत. सायकलची तार आणि साधा बोल्ट खानापुरात मिळून जातो, सिलिंडरच्या लांबीची निवड हवी असेल तर बेळगावच बरं. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत आहे, तेव्हा हे काम घरातल्या बाईनं केलं तर बसभाडं वाचतं. मापं कागदावर लिहून न्या: दाराची जाडी, हँडलच्या मानेपासून किल्लीच्या भोकापर्यंतचं अंतर, आणि जुन्या कुलपाचा फोटो.

कुलूप सुताराला आणायला सांगू नका, स्वतः आणा. पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे आणि आतल्या किल्ल्या पाकिटावर लिहिलेल्या संख्येइतक्या भरल्या पाहिजेत. एक कमी असेल तर ते कुलूप घेऊ नका. उभ्या मॉर्टिस कुलपासाठी आयएस २२०९ हे भारतीय मानक आहे, पाकिटावर आयएसआयची खूण आहे का बघा. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, वर वेगळा जीएसटी मागितला तर देऊ नका. पावतीवर मॉडेलचं नाव लिहून घ्या आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का.

कुलूप हमीच्या मुदतीत बिघडलं आणि दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाणीचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतरही काम झालं नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्या तक्रारीला शुल्क पडत नाही. पावती मात्र हवी.